डावीकडची बांधी

थाळी आजही अर्धीच परत आली आणि नंदाबाईनं ती चुलीजवळ जरा आपटूनच ठेवली. उजव्या बाजूचा भात, वरण, शेंगांची भाजी, सगळं चाटूनपुसून खाल्लेलं. डाव्या बाजूची झिंग्यांची चटणी आणि मूठभर भात मात्र वाढला होता तसाच. भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, ही चटणी आवडते म्हणून तिनं सकाळचा तासभर पाट्यावर घालवला होता.

“बाई, तुमच्या मानसाले माया हातचा जेवन गोड लागत नसन तर तसा सांगून टाका,” ती मोठ्या जावेला म्हणाली. “मी काही रडत नाई बसत.”

रुख्माबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “गोडच लागते. पोट लहान झाला त्याईचा.”

“पोट लहान झाला तर मानूस चारी बाजूनं कमी खाईन. हे सुरीनं कापल्यावानी अर्धा काऊन?”

याला उत्तर ओसरीवरून आलं. तिथं म्हातारा बकाराम बसला होता. त्याचं वय पंच्याहत्तर, दात चार आणि मतं पक्की. “तो अर्धा त्याचा नाई, पोरी. ज्यानं त्याले वापस धाडला त्याचा हाये. यमाच्या फाटकातून आलेला मानूस अर्धा घास तिकडं ठेवतेच.”

चैतराम, म्हणजे बकारामचा थोरला मुलगा, मद्रासेकडून डोक्यातली गाठ काढून आला त्याला आता दोन महिने झाले होते. अठ्ठावन्न सालचा तो सगळा उन्हाळा घरानं त्याच्या डोक्यापायी काढला. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, मग ओकारी, मग चालता चालता झोक जायचा. पुजाऱ्यानं कोंबडा घेतला, वैद्यानं काढे दिले, भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरला धाडलं आणि नागपूरच्यांनी सांगितलं की हे काम मद्रासेकडेच एका मिशनच्या दवाखान्यात होतं. देवलगावहून छोट्या गाडीनं चांदा, तिथून बल्हारशा, तिथून मोठी गाडी. सोबत बायको आणि धाकटा भाऊ हिरालाल गेले. हिरालाल धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची वेळ झाली म्हणून आठ दिवसांत परतला. रुख्माबाई, जिला नवेगावचा बाजारसुद्धा लांब वाटायचा, ती दीड महिना त्या परक्या मुलखात एकटी राहिली आणि नवऱ्याला जिवंत घेऊन आली.

जिवंत आला खरा, पण बोडकं डोकं आणि सफाचट मिशी घेऊन. बाप जिवंत असताना! बकाराम त्या दिवशी मुलाला पाहून आधी रडला आणि मग चिडला. “मी मेलो नाई अजून,” असं तो आल्यागेल्याला सांगत राहिला. पुढं या अर्ध्या थाळीचा अर्थ त्यानं लावला, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. रोज उरलेला तो डावा घास तो स्वतःच्या हातानं गोठ्यात नेऊन गाईला चारायचा. मागल्या आठवड्यात शेजारची सावित्रीबाई आपला तापलेला नातू घेऊन आली आणि तिनं त्यातला चिमूटभर भात मागून नेला. नातवाचा ताप उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तेव्हापासून बकारामला कुणी समजावण्याची सोयच उरली नाही.

नंदाबाईला मात्र हे काही पटत नव्हतं. देवाला द्यायचा घास माणूस आधी काढून ठेवतो, नावडता कोपरा म्हणून सोडत नाही. तिनं थाळी उचलली आणि सासऱ्याच्या हातात दिली. रुख्माबाई तांदूळच निवडत राहिली.

*

रुख्माबाईला सगळं ठाऊक होतं.

दवाखान्यातून निघायच्या आदल्या दिवशी रायपूरकडच्या एका नर्सनं तिला खिडकीशी बोलावलं. त्या सगळ्या दवाखान्यात हिंदी बोलणारी तेवढी एकच. ती म्हणाली, “बाई, गांठ पूरी निकल गयी, भगवान का शुकर मानो. पर बायीं तरफ का उसको कुछ नहीं दिखता. दोनों आंख का बायां हिस्सा गया. वो आंख का दोष नहीं है, भीतर का है. और उसको खुद मालूम नहीं.”

रुख्माबाईला आधी कळलंच नाही. मग नर्सनं चैतरामच्या डाव्या अंगाला उभं राहून हात हलवला, जीभ काढून दाखवली, आणि चैतराम शांतपणे समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. आंधळ्याला निदान अंधार असतो. याला डावीकडे काही आहे, हेच उरलं नव्हतं. पण नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर नाही, कुणालाच नाही.

न सांगण्याचं कारण दाराआड टेकवलेलं होतं. ते म्हणजे फावडं. या घराकडे चार पिढ्यांपासून गावतलावाची पाणकी होती. पाऊस दगा देतो तेव्हा तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं, आणि पाटानं उतरलेलं पाणी एकेका बांधीचं, म्हणजे धानाच्या वाफ्याचं, तोंड फोडून प्रत्येकाच्या धानाला त्याच्या हिश्शाइतकं द्यायचं, हे पाणकराचं काम. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण हस्त कोरडा जायला लागला की सरकार काही फावडं घेऊन येत नाही. बकारामनंतर वीस वर्षं चैतराम पाणी वाटत होता. एवढ्या वर्षांत दुसऱ्याची पाळी त्यानं कधी कापली नव्हती आणि स्वतःची कधी वाढवली नव्हती. गावात लोक मुलाच्या लग्नात, भावाच्या भांडणात त्याला बोलावत ते त्याच फावड्याच्या मानानं. अर्धं जग दिसत नाही म्हटल्यावर फावडं त्याच्याकडे कोण ठेवणार? आणि फावडं गेल्यावर हा माणूस खाटेवर पडून काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तिनं पाण्याचा लोटा त्याच्या उजवीकडे ठेवायला सुरुवात केली. चपला उजवीकडे, काठी उजवीकडे. माणसं आली की ती त्यांना “अठी बसा, अठी हवा हाये” म्हणत उजवीकडे बसवायची. स्वतःही तिकडेच बसायची.

सगळं जमत होतं. पण यंदा उत्तरा कोरडी गेली आणि धान गर्भात असताना बांध्यांना भेगा पडल्या. चार दिवसांपूर्वी तुडुम उघडायचं ठरलं. चैतरामनं बोटभर वाढलेल्या केसांवर दुपट्टा गुंडाळला आणि फावडं उचललं.

“हिरालालले घेऊन जा सोबत,” ती म्हणाली होती.

“कायले? पानकर एकच रायते.”

ते खरंच होतं. पाणी वाटताना पाणकर एकटा चालतो, नाहीतर वशिल्याचा संशय येतो. पाटाच्या दोन्ही बाजूंच्या बांध्या फोडत तो डोक्याकडून, म्हणजे तुडुमापासून, शेवटापर्यंत जातो. शेवटची बांधी ओली झाल्याशिवाय मागं वळत नाही, आणि घरी येतो तो पाटानं नाही, जंगलाकडच्या वाटेनं. वाटेत कुणी पाय धरून जास्तीचं मागू नये म्हणून कुण्या पूर्वजानं घातलेला हा नियम. चैतरामनं तो तंतोतंत पाळला. रुख्माबाई दिवसभर दारात उभी होती. संध्याकाळी तो चिखलानं माखून, खुशीत घरी आला आणि म्हणाला, “सारे बांध्या भरलो. अजून हात चालते माया.” त्या एका वाक्यासाठी ती गप्प राहिली.

उजवीकडच्या सगळ्या बांध्या भरल्या होत्या. डावीकडच्या अकरा कोरड्या होत्या, आणि त्यातल्या सहा जागेश्वरच्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी जागेश्वरच्या तक्रारीवर गावाची बैठक होती. हिरालालनं अंगणात सतरंजी टाकली तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. पंचवीस-तीस माणसं आली. बहुतेक जण सावली बघून बसले. जागेश्वर आला तो मुद्दाम ओट्याजवळ, चैतरामच्या खाटेपासून दोन हातांवर, खाली बसला. रुख्माबाई पुढं झाली होती, “भाऊ, इकडून बसा” म्हणायला. पण त्यानं ऐकलं नाही. तो बसला ती बाजू डावी होती.

गेल्या वर्षी याच जागेश्वरनं पाळी नसताना पाट फोडला होता, आणि चैतरामनं सगळ्या गावासमोर त्याची एक पाळी कापली होती. त्यामुळं आज चैतरामच्या फावड्यावर बोट ठेवलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिरालाललाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. चाळीस वर्षांचा झाला तरी गावात तो “चैतरामचा भाऊ” होता. काल रात्री नंदाबाई म्हणालीच होती, “दादाईचा आता वय झाला, डोस्का नाजूक झाला. फावडा तुमी घ्या म्हना ना. त्यात कोनता पाप हाये?” हिरालालनं विषय बदलला होता. पण सतरंजीचा कोपरा सरळ करताना तेच वाक्य त्याच्या डोक्यात होतं.

चैतरामनं अंगणावरून नजर फिरवली. बहुतेक जण आले होते. त्यानं शांतपणे विचारलं, “मंग, जागेश्वर नाई आला का जी अजून? ज्याची तक्रार, त्यालेच याले फुरसत नाई?”

जागेश्वर दोन हातांवर बसला होता. त्याची कानशिलं लाल झाली.

“वाऽ,” तो म्हणाला. “मी मानूसच नाई दिसत तुले? पानी तर नाईच देला, आता अंगनात बसला तरी ओळख देत नाई. पाय गा बकाराम, पाय तुया पोराचा माज.”

आवाज आला तसं चैतरामनं मान वळवली, आणि जागेश्वर तिथं असल्याचं पाहून तो गोंधळला. “तू कवा आला?”

“थट्टा करू नको! माया सहा बांध्या कोरड्या पडल्या. धान निसवाच्या वख्ताले जरून राहिला. मागल्या सालचा राग काढला ना तू? बेइमान हायेस.”

तो शब्द या घराच्या अंगणात कधी कुणी उच्चारला नव्हता. बकारामनं काठी जमिनीवर आपटली. हिरालालच्या मनातली फावड्याची गोष्ट क्षणात पळाली आणि तो ताडकन उभा राहिला. आपल्या भावाला आपण काहीही म्हणू, दुसऱ्यानं म्हणायचं नाही.

“बस, हिरालाल,” चैतराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “जागेश्वर, मी डोक्याकडून शेवटपर्यंत गेलो. एकूनेक बांधीचं तोंड माया हातानं फोडलो. एकही कोरडी नाई ठेवलो.”

“मंग जाऊन पाय!”

“मागून कोन बंद केला असन तर मले ठाव नाई. मी देलो.”

“शपथ घेतोस?”

“घेतो.”

पाणकराची शपथ साधी नसते. तलावाचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि म्हणायचं, मी खोटं बोललो असेन तर या पाण्यानं माझ्या घरचं बी उगवू नये. ज्यानं ती खोटी घेतली त्याच्या वंशाला गाव मुलगी देत नाही, पेरणीला बैल देत नाही. बकारामच्या आयुष्यात ती दोनदाच घेतली गेली होती आणि दोन्ही वेळा खरी. तांब्याभर तलावाचं पाणी आलं. चैतरामनं दुपट्टा सोडला. उजव्या कानामागून वर गेलेला, घोड्याच्या नालासारखा जखमेचा वण सगळ्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. त्यानं ओंजळ पुढं केली आणि हिरालालनं तीत पाणी ओतलं. चैतरामच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता.

नंदाबाई दारात रुख्माबाईला खेटून उभी होती. जाऊ उंबऱ्याकडे सरकतेय, हे तिला आधी अंगानंच कळलं.

“बाई, काय झाला?”

रुख्माबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती पंचवीस माणसांच्या मधून अंगणात गेली. लग्न होऊन या घरात आल्याला तिला अठ्ठावीस वर्षं झाली होती. गावाच्या बैठकीत ती कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती.

“पानी खाली सोडा,” ती म्हणाली.

“आत जाय,” चैतराम म्हणाला.

“नाई जात. पानी खाली सोडा. तुमी खोटा नाई बोलून राहिले, पन तुमचा बोलना खरा नाई.”

बकाराम गरजला, “सून, डोस्का फिरला का तुया?”

“मामाजी, माफी करा.” ती खाटेच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. मग तिनं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि नवऱ्याला विचारलं, “मी कोठी हावो? न हलता सांगा. डोस्का हलवू नोका.”

“हे काय पोरखेळ?”

“सांगा ना.”

चैतराम समोर पाहत होता. आवाज आला होता डावीकडून, पण तिथं त्याच्या लेखी काही नव्हतंच. “मागं हायेस. दाराजवळ.”

ती त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. कुणीतरी “अरे राम” म्हणालं.

तेव्हा जागेश्वर उठला. तो रुख्माबाईच्या शेजारी, अगदी चैतरामच्या खांद्याशी येऊन थांबला आणि पाचही बोटं त्याच्या डोळ्यासमोर डावीकडे धरून हलवली. चैतरामची पापणीही लवली नाही. जागेश्वरचा हात हळूहळू खाली आला.

“चैतराम,” तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात राग नव्हता. “मी अठीच हावो गा.”

चैतरामनं मान वळवली. आधी रुख्माबाई दिसली, तिच्याशेजारी जागेश्वर, त्यांच्यामागं डाव्या भिंतीला टेकून बसलेली सात-आठ माणसं, जी आलीच नाहीत असं तो धरून चालला होता. त्यानं मान सरळ केली. सगळे गेले. पुन्हा वळवली. सगळे होते. असं त्यानं तीनदा केलं. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून मांडीवर आलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“गाठीसंग गेला ते,” रुख्माबाई म्हणाली. “दोन्ही डोऱ्याचा डावा अंग. दवाखान्यातच सांगतलं मले.”

“मंग तो घास?” बकाराम मध्येच म्हणाला. “तो घास देवाले नव्हता?”

“नाई, मामाजी. त्याईले दिसतच नव्हता.”

“दोन महिने गाईले चारलो मी!” म्हातारा म्हणाला. हसावं की रडावं हे त्याला कळेना. अंगणात मात्र कुणी हसलं नाही. दारात उभ्या असलेल्या नंदाबाईनं तोंडावर पदर धरला. इतके दिवस आपण काय काय बोललो, हे तिला एकदम आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ओले हात धोतराला पुसून चैतराम म्हणाला, “पानकराच्या चुकीनं बांधी कोरडी रायली तर नियम काय हाये, बाबा?”

नियम बकारामनंच मुलाला शिकवला होता. “पानकराच्या घरची पाळी त्याले जाते.”

“मंग आपली पाळी जागेश्वरले अन् त्या बाजूच्या सगऱ्याइले. आजच.”

“आपला धान?” नंदाबाईच्या तोंडून निघून गेलं. “आपलाबी गर्भातच हाये! वर्षभर खाचा काय?”

सगळ्यांनी हिरालालकडे पाहिलं. घरची अर्धी शेती त्याची होती. तो नाही म्हणाला असता तर कुणी नावं ठेवली नसती, आणि नंदाबाई त्यानं नाहीच म्हणावं म्हणून त्याच्याकडे पाहत होती. हिरालालनं बायकोकडे पाहिलंच नाही. “दादा म्हनते तसा,” तो म्हणाला. “पाळी देली.”

जागेश्वरनं मान खाली घातली. “मी नाई म्हननार नाई,” तो म्हणाला. “घरी सात तोंडं हायेत. पानी घेतो. पन बेइमान म्हनालो ते माया शब्द वापस घेतो, साऱ्याइच्या समोर.” एवढं बोलून तो चालू लागला.

चैतरामनं दाराआडचं फावडं मागवलं आणि ते हिरालालसमोर सतरंजीवर आडवं ठेवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवा झाला आणि अंगणातली माणसं एकेक करून उठली.

*

फावडं हातात आलं तेव्हा हिरालालला कळलं की ते जड आहे. लाकूड तेच होतं, वजन तेच होतं. पण तुडुमाची खुंटी किती उचलायची, जागेश्वरच्या उतरत्या बांधीत पाणी किती वेळ धरायचं, खालच्या खोलगट खारीत ते आपोआप झिरपतं म्हणून तिला किती कमी द्यायचं, हे त्याला काही येत नव्हतं. दुपारपर्यंत त्यानं दोन बांध्या गरजेपेक्षा जास्त भरल्या आणि तिसरीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडून ठेवला. जागेश्वरनं स्वतः येऊन तो बुजवला.

घरी आल्यावर त्यानं नंदाबाईला सांगितलं, “मले हे नाई जमत.”

ती अजून फुगलेलीच होती. “शिका. पाळी देऊन टाकली, आता फावडाबी देऊन टाकता का?”

“दादासंग जातो. तो उजवीकडून चालन, मी डावीकडून. पानी त्याले समजते, मले समजत नाई.”

“पानकर एकच रायते म्हनतात.”

“नियम मानसानंच केला,” हिरालाल म्हणाला. नंदाबाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. नवरा आपल्या बाजूनं बोलत नव्हता, तरी तिला राग आला नाही. तिनं त्याला गरम पाणी काढून दिलं.

तो ओसरीवर गेला आणि भावासमोर उकिडवा बसला. सगळं सांगितलं. चैतरामनं ऐकून घेतलं. “अर्धा पानकर गावाले कामाचा नाई,” तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

*

दोन दिवस तो रुख्माबाईशी बोलला नाही. ती लोटा ठेवी, तो घेई. ती थाळी आणी, तो जेवे. तिसऱ्या दिवशी दुपारी सासरा गोठ्याकडे गेलेला आणि जाऊ शेतावर असताना तो अचानक म्हणाला, “तुले पयल्यापासून ठाव होता.”

“होता.”

“अन् मले धुऱ्यावर जाऊ देला.”

“जाऊ देला.”

“कायले?”

तिला वाटलं होतं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार आहे. घराचा मान, फावडं, चार पिढ्या. पण तोंडातून वेगळंच आलं. “तुमी खुश होते म्हून. आल्यापासून त्या एका दिवशीच खुश होते.”

ती खाटेच्या उजवीकडे, नेहमीच्या जागी बसली होती. आता तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही.

“आखीन एक गोष्ट हाये,” ती म्हणाली. “ते कोनालेच सांगतली नाई. त्या नर्सनं मले सांगतला होता, त्याच्या डावीकडं बसत जा. डावीकडून आवाज दे. लोटा, थाळी, सगळा डावीकडं ठेव. पयले त्याले भेटनार नाई, चिडन, चिडू दे. मान फिरवाले शिकन. शिकला तर अर्धा काम भागते, म्हने. अन् मी दोन महिने उलटा केली. सारा उजवीकडं आनून ठेवली. लोकाइले समजू नये म्हून.” तिनं पदरानं नाक पुसलं. “गाठीनं घेतला ते घेतला. बाकीचा मी गमावली.”

चैतराम छताकडे पाहत होता. त्याला राग आला होता, खूप राग. दोन महिने आपल्याला लहान मुलासारखं सांभाळलं गेलं, आणि सगळ्या गावासमोर आपण रिकाम्या जागेशी बोलत राहिलो. हे सगळं तिला फेकून मारावं असं त्याला वाटलं. पण त्या परक्या दवाखान्यात, जिथं पाणी मागायलाही भाषा नव्हती, तिथं दीड महिना फरशीवर झोपलेली हीच बाई होती, हेही त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळानं ती उठली, आणि तिची पावलं आतल्या बाजूला गेली.

मग ती ऐकू येईनाशी झाली.

चैतरामला वाटलं, गेली. ओसरी रिकामी होती. समोर अंगण, कुंपण, पलीकडे तलावाच्या काठावरची झाडं. रिकाम्या ओसरीत त्याला एकदम कसंतरी झालं. गेली तर कुठं गेली? माहेरी तर नाही ना निघाली? “रुखमा,” त्यानं हाक मारली. एरवी तो तिला नावानं हाक मारत नसे.

उत्तर आलं नाही. पण कुठंतरी श्वास ऐकू आला.

त्यानं मान वळवली. अंगणाचं दुसरं टोक दिसलं. अजून वळवली. चुलीकडचं दार दिसलं, दारात कोंबडी. मानेतली शीर ताणली, वणाखाली ठणका उठला. तरी त्यानं अजून वळवली. आधी लुगड्याचा काठ दिसला, मग हात, मग रडून सुजलेले डोळे. खाटेच्या डाव्या अंगाला अगदी लागून ती जमिनीवर बसली होती. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, की खुणेसाठी हातही हलवला नव्हता.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मान दुखत होती, पण त्यानं ती सरळ केली नाही. सरळ केली की ती जाणार होती.

“हिरालालले सांग,” तो शेवटी म्हणाला, “उद्या धुऱ्यावर जाचा हाये. तो डावीकडून.”

“सांगीन,” ती म्हणाली आणि उठायला लागली.

“नंतर सांग.” त्यानं हात लांबवला. तो पहिल्यांदा हवेतच गेला, मग तिच्या खांद्याला लागला. “आता तठीच बसत जा.”